सहा इंची व्हाइस घेण्याआधी टेबल हलतं का ते बघा

वाचकाचं पत्र:

मी नागपुरात मानेवाड्याला राहतो, वय ३८. घराच्या पोर्चमध्ये स्कूटरच्या बाजूला ६ बाय ४ फुटांची जागा मोकळी केली आहे. कूलरचं स्टँड, गेटची बिजागरी, मुलांच्या सायकली, विळीला नि कात्रीला धार, अशी कामं सुट्टीच्या दिवशी मी स्वतःच करतो. आजवर पायाखाली अँगल दाबून हॅक्सॉ (लोखंड कापायची करवत) चालवत आलो. गेल्या महिन्यात ब्लेड सटकलं आणि घोट्याजवळ चार टाके पडले, तेव्हा घरच्यांनीच सांगितलं की आता व्हाइस, म्हणजे टेबलावर बसवून वस्तू जबड्यात घट्ट धरायचा शिकंजा, घ्याच. इतवारीत लोहाओळीला विचारलं तर दुकानदार म्हणाला, "घ्यायचाच तर सहा इंची फिरता घ्या, पुन्हा घ्यावा लागणार नाही." मेहुणे म्हणतात, तीन इंची, टेबलाच्या कडेला आवळायचा मागव, काम झालं की काढून ठेव. शिवाय एका कबाड्याकडे जुना व्हाइस पाहिलाय. गंजलेला आहे, पण खूप जड आहे आणि अंगावर इंग्रजीत 'शेफिल्ड' अशी उठावाची अक्षरं आहेत. बजेट ४ हजार. टेबल आहे, पूर्वी कॉम्प्युटर ठेवायचो ते लोखंडी. डाव्या हाताला आणि मागे भिंत आहे. काय घेऊ?

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

आधी घोट्याचं. जखम भरली असेल, तरी व्हाइस घरात येऊन पक्का बसेपर्यंत पायाखाली अँगल दाबून हॅक्सॉ चालवू नका. गेट असो की स्टँड, थांबू द्या महिनाभर. आयटीआयमध्ये शिकवत होतो तेव्हा पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगायचो, की कापायची वस्तू आपल्या अंगाला टेकलेली नको, ती धरायला लोखंडाचे जबडे आहेत.

तुम्ही तीन व्हाइसबद्दल विचारलंय, पण पत्र वाचताना माझं मन अडकलं ते त्या कॉम्प्युटरच्या टेबलापाशी. एक करा. स्टीलचा पेला काठोकाठ पाण्याने भरून त्या टेबलावर ठेवा. टेबलाची पुढची कड दोन्ही हातांनी धरा आणि कानस मारताना लावतो तेवढा जोर लावून दहा वेळा पुढे-मागे ढकला. पाणी सांडलं तर त्या टेबलावर कुठलाच व्हाइस बसवू नका, दोन हजारांचाही नाही नि दहा हजारांचाही नाही. कॉम्प्युटरची टेबलं पातळ पाइपाची, वरून भुशाच्या बोर्डाची. वजन पेलतात, धक्का पेलत नाहीत. कानस पुढे गेली की निम्मा जोर टेबल हलवण्यात जातो, उरलेल्यात कानस थरथरते आणि घासलेल्या जागी बारीक लाटा उमटतात. माणसाला वाटतं आपला हात बसलेला नाही. हॅक्सॉचं ब्लेडही असंच तुटतं. टेबल डोललं की ब्लेड चिरेत तिरकं होतं आणि कट्‌कन दोन तुकडे. तुमचं ब्लेड घोट्यावर आलं त्याचं मूळही तेच, धरलेली वस्तू हलली.

म्हणून चारच्या चार हजार व्हाइसवर घालू नका. त्यातला एक वाटा टेबलाला ठेवा. ४० मिलिमीटरच्या, ५ मिलिमीटर जाडीच्या अँगलची चौकट, चारही पायांना खाली आडव्या पट्ट्या आणि वर निदान दीड-दोन इंच जाड फळी. नवं सागवान घ्यायला गेलात तर बजेट तिथेच संपेल. पण नागपुरातल्या जुन्या घरांच्या चौकटींत नि तुळयांत चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान पिढ्यान्‌पिढ्या लागलेलं आहे, आणि घरं पाडली की ते विकायला निघतं. असा एक वाळलेला, जाड तुकडा मिळाला तर नव्यापेक्षा चांगला, कारण त्याला जेवढं आकसायचं होतं तेवढं तो आकसून बसलाय. नाहीच मिळाला तर १८ मिलिमीटरच्या प्लायचे दोन थर फेव्हिकॉल लावून, खालून स्क्रू मारून एक करा. तुमच्याकडे मागे नि डाव्या हाताला भिंत आहे, हे तर फारच चांगलं. चौकट दोन्ही भिंतींना अँकर बोल्टने बांधून टाका. भिंतीला बांधलेलं साधं टेबल मोकळ्या ठेवलेल्या जड टेबलाला हार जात नाही.

आता इंचांचा हिशेब. व्हाइसचं माप म्हणजे जबड्याची रुंदी. चार इंची म्हणजे १०० मिलिमीटर, पाच म्हणजे १२५, सहा म्हणजे १५०. जबडा उघडतो तोही साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त. तुमच्या कामांची यादी पुन्हा वाचली. कूलर स्टँडचा अँगल पस्तीस-चाळीसचा, सायकलचा पेडल, बिजागरी, अर्धा-पाऊण इंची पाइप. यात चार इंचांत न मावणारं काहीच नाही. पाच इंची घेतला तर जबड्यांच्या मधली खोली थोडी जास्त मिळते, रुंद पट्टी नीट धरता येते आणि व्हाइसचं स्वतःचं वजन वाढतं, ते कामाला येतं. सहा इंची हा कारखान्याचा व्हाइस. वीस किलोच्या आसपासचं ते धूड तुमच्या पोर्चमधल्या टेबलावर बसवलंत तर व्हाइस हलणार नाही, टेबल हलेल. माझं मत पाच इंची, न फिरणाऱ्या बैठकीचा. टेबल मनासारखं जड होणार नसेल तर चार इंची.

दुकानदाराचा 'पुन्हा घ्यावा लागणार नाही' हा मुद्दा मात्र खरा आहे. चांगला व्हाइस माणूस आयुष्यात एकदाच घेतो. फक्त तो टिकणं इंचांवर नसतं, ओतकामावर असतं.

दांडा हातात आला की आत काय होतं ते समजून घेतलंत तर हे लवकर पटेल. समजा पेचाच्या एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंत ५ मिलिमीटर अंतर आहे आणि तुम्ही दांडा मध्यापासून १२५ मिलिमीटरवर धरलाय. एका फेरीत हात जवळजवळ ७८५ मिलिमीटर फिरतो, जबडा सरकतो ५ मिलिमीटर. म्हणजे तुमचा जोर दीडशेपट वाढायला हवा. त्यातला पाऊण हिस्सा आट्यांच्या घर्षणात जातो असं धरा. ते घर्षण वाया जात नाही, त्याच्यामुळेच हात सोडल्यावर जबडा आपोआप उघडत नाही. एवढं सगळं वजा जाऊनही १० किलोच्या जोराला जबड्यात चारशे किलोंच्या जवळपास दाब येतो. घरच्या कुठल्याही कामाला हा भरपूर आहे. आता त्याच दांड्यात २ फुटी पाइप घालून बघा. तेच १० किलो दोन टनांच्या घरात जातात. आणि पाइप लावणारा माणूस १० किलोंवर थांबत नाही, तो अंगाचा भार टाकतो.

माझे उस्ताद एम्प्रेस मिलच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ती गिरणी, तिथल्या फिटरांच्या हाताखालून नागपुरातले कितीतरी कारागीर तयार झाले. मी शिकाऊ असताना एकदा दांड्यात पाइप घातला. उस्तादांनी तो काढून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "काहून बे, हाताचा भरवसा नाही का तुला? हातानं सुटत असंल तर तू धरलंच नीट नाही." मग त्यांनी तोच तुकडा जबड्याच्या कडेवरून काढून मधोमध, खोलवर धरला आणि एका हाताने आवळला. तो पुन्हा सुटला नाही. हे अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. व्हाइसचा दांडा जेवढा लांब दिलाय तेवढाच लांब असतो, त्यामागे बनवणाऱ्याचा हिशेब असतो. त्याच्या पुढे गेलं की आतलं बॉक्स नट, म्हणजे पेच ज्यात फिरतो ते, तरी फुटतं, दांडा तरी वाकतो, नाहीतर जबडा जातो.

जबडा जातो म्हणजे काय ते मी स्वतः पाहिलंय. घरासाठी पहिला व्हाइस घेतला तेव्हा मी रंगाला भुललो. चकचकीत निळा, कुठे ओरखडा नाही. तिसऱ्या महिन्यात कूलरच्या स्टँडची पट्टी वाकवत होतो, हातात साधी अर्ध्या किलोची हातोडी. चार-पाच ठोक्यांत सरकता जबडा मानेपासून निघून पायापाशी पडला. उचलून पाहिलं. तुटलेली जागा करडी, साखरेसारखी दाणेदार होती आणि मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी पोकळी. त्या पोकळीत पिवळट पुट्टी भरलेली, वरून घासून निळा रंग मारलेला. ओतताना हवा अडकून पडलेलं भोक कुणीतरी पुट्टीने बुजवून बाजारात पाठवलं होतं. दुकानात घेऊन गेलो तर "हातोडी मारली ना तुम्ही" एवढं म्हणून त्यांनी हात झटकले. पैसे गेले त्याचं एवढं वाटलं नाही. त्या वेळी माझा मुलगा बाजूला उभा राहून पट्टी धरत होता, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

बाजारातले बहुतेक स्वस्त व्हाइस बिडाचे, म्हणजे साध्या ओतीव लोखंडाचे. बीड दाब उत्तम सोसतं, पण ओढ नि ठोका सोसत नाही. कारण त्याच्या पोटात ग्राफाइट पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो आणि चीर त्या पापुद्र्यांवरून धावत जाते. एसजी आयर्न म्हणतात त्यात तोच ग्राफाइट गोल गोळ्यांच्या रूपात असतो, त्यामुळे चीर अडते आणि ते बिडापेक्षा पुष्कळ जास्त सोसतं. ओतीव पोलादाचा त्याहून दणकट, महागही. एसजी आयर्नचा पाच इंची बजेटमध्ये बसत असेल तर तोच घ्या. बिडाचा घ्यावा लागला तरी हरकत नाही, ओतकाम स्वच्छ हवं आणि त्याच्यावर घण चालवायचा नाही. दुकानदार "स्टीलचा आहे साहेब" म्हणेल, तेव्हा व्हाइस लाकडी फळीवर ठेवून जबड्यावर छोट्या पान्याने टिचकी मारा. बीड 'ठप्प' बोलतं नि गप्प होतं. एसजी आयर्न नि पोलाद घणघणतं, नाद थोडा वेळ राहतो. शेजारी दोन-तीन वेगळे व्हाइस असतील तर एकामागून एक वाजवा, फरक कानाला आपोआप कळेल. आणि एकाच जातीच्या दोघांत एखादा फुटक्या मडक्यासारखा बोलला तर तो तिथेच सोडा, त्याला चीर आहे.

लोहाओळीला जाताना खिशात वहीच्या कागदाच्या चार बारीक पट्ट्या, एक जुनी कानस आणि चार्ज केलेला मोबाइल ठेवा. दुपारी गर्दी नसते तेव्हा जा. घाईच्या वेळी कुणी तुम्हाला एवढं बघू देणार नाही.

व्हाइस खाली काढून घ्या, काउंटरवरून बघून ठरवू नका. पूर्ण उघडा. सरकता जबडा दोन्ही हातांनी धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. उघडलेल्या जबड्यात किंचित ढिलाई असतेच, पण डुगडुग वाजत असेल तर आतली घसरण नीट मशिन केलेली नाही. मग बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च मागून लावून फटीतून बघा. प्रकाश एका बाजूने जास्त येतो का? खालून येत असेल तर चालेल, वरची कड आधी टेकणं चांगलंच, कारण आवळल्यावर जबडा थोडा मागे झुकतो. वरून येत असेल तर नको. नंतर कागदाच्या पट्ट्या डाव्या, उजव्या टोकाला आणि मध्ये ठेवून हलकं आवळा, एकेक ओढा. तिन्ही सारख्या अडल्या पाहिजेत. एक पट्टी सहज सुटून आली तर तिथे पातळ पत्रा कधीच नीट धरला जाणार नाही.

दांडा उलटा फिरवा. जबडा हलायला लागेपर्यंत किती रिकामा फिरतो ते बघा. नव्या व्हाइसमध्ये पाव फेरीपेक्षा जास्त रिकामा फिरत असेल तर नट ढिलं आहे. पेच बाहेर दिसतो तिथे आटे चौकोनी, जाड, स्वच्छ हवेत, कड्यांवर कुसळं नकोत. जबड्याच्या प्लेटी वेगळ्या, स्क्रूने बसवलेल्या असाव्यात, म्हणजे झिजल्या तर बदलता येतील. त्यांच्यावर जुनी कानस हलकेच ओढा. कानस घसरून गेली तर प्लेट कडक केलेली आहे. कानशीचा पांढरा ओरखडा उठला तर ती वर्षभरात गुळगुळीत होईल. एवढं दुकानदाराला विचारूनच करा, ओरखडा पडायची शक्यता असते. आणि रंगावर नखं फिरवा. मानेपाशी, बैठकीच्या कानांपाशी (बोल्टची भोकं असतात तिथे), पेचाच्या घराखाली. जिथे पृष्ठभाग अचानक काचेसारखा गुळगुळीत लागेल तिथे पुट्टी असू शकते. खालून उलटा करून बघाच. तिथे रंग पातळ असतो, ओतकाम खरं दिसतं. आयएसआयचा शिक्का आणि आयएस २५८६ हा आकडा असेल तर जास्त बरं. बेंच व्हाइससाठीचं ते मानक आहे. तरी वरच्या तपासण्या चुकवू नका.

आता तुमच्या शेफिल्डवाल्याकडे. पत्रातलं हे वाक्य वाचून मला खरंच आनंद झाला. इंग्लंडमधलं शेफिल्ड हे पोलादाचं नि हत्यारांचं गाव, तिथल्या रेकॉर्ड कंपनीचे व्हाइस जगभरच्या वर्कशॉपांत गेले. आपल्याकडे गिरण्यांत, रेल्वेत त्या काळी अशीच सामग्री असायची. गंजाला घाबरू नका. वरचा गंज डिझेलमध्ये भिजवून, तारेच्या ब्रशने घासून जातो. मात्र हे काम उघड्यावर करा, आजूबाजूला विस्तव नको. जुन्या व्हाइसमध्ये बघायच्या गोष्टी वेगळ्या. रंग नि गंज खरवडून मानेपाशी नि सरकत्या जबड्याच्या बगलेत पितळी रेघ दिसते का बघा. दिसली तर तो कधीतरी फुटलेला आणि पितळेने जोडलेला आहे. वेल्डिंगचा फुगवटाही तोच पुरावा. जोडलेलं बीड हलकं काम करतं, पण तुम्ही त्याच्यात पट्ट्या वाकवणार आहात, तेव्हा नको. पेचाचे आटे मधल्या भागात जास्त झिजतात, कारण रोजचं काम तिथेच होतं. दांडा जबड्याच्या पाव उघडीत एकदा आणि पूर्ण उघडीत एकदा फिरवून ढिलाईत किती फरक पडतो ते बघा. जुन्यात अर्ध्या फेरीची ढिलाई असली तरी चालवून घ्या. आटे चाकूच्या धारेसारखे निमुळते झाले असतील तर मात्र सोडा. पेच नि नट नवं करायला व्हाइसपेक्षा जास्त खर्च येईल.

प्लेटी नसल्या किंवा खराब असल्या तर काळजी नको. हिंगणा एमआयडीसीत किंवा कुठल्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये मापाच्या करून, कडक करून मिळतात. फक्त एक लक्षात ठेवा. या जुन्या इंग्रजी व्हाइसचे स्क्रू मिलिमीटरचे नसतात, व्हिटवर्थ म्हणतात त्या जुन्या ब्रिटिश इंची मापाच्या आट्यांचे असतात. नवा मेट्रिक स्क्रू जबरदस्तीने घालाल तर जबड्यातले आटे जातील. जुना स्क्रू काढून दुकानात नेऊन त्याच्याशी जुळवा.

कबाडी वजनावर भाव सांगेल, मग 'इंग्लंडचा माल' म्हणून वर चढवेल. नावाचे पैसे देऊ नका. तपासणीत उतरला आणि पाच इंचांच्या आसपासचा असेल तर माझं मन त्याच्याकडेच जाईल. नव्या एसजी आयर्नच्या पाच इंचीच्या निम्म्याहून जास्त मागत असेल तर नवाच घ्या, कारण जुन्यावर प्लेटी, स्क्रू, साफसफाई असा खर्च उरतोच.

मेहुण्यांचा सल्ला धार लावायला, सोल्डरिंगला, सायकलच्या बारीक कामाला ठीक आहे. पण कडेला आवळायचा तीन इंची व्हाइस कानशीच्या दहा फटक्यांत सरकायला लागतो, त्यावर अँगल कापू नका. फिरती बैठक तुमच्यासारख्याला भिंतीमुळे हवीशी वाटेल, लांब पाइप धरला की डावीकडे भिंतीला अडेल म्हणून. पण फिरती बैठक म्हणजे आणखी एक सांधा, आडव्या जोराला तो सरकतो. त्यापेक्षा व्हाइस टेबलाच्या उजव्या टोकाकडे बसवा, पाइपची लांब बाजू उजवीकडे मोकळ्या पोर्चमध्ये जाऊ द्या. तेवढ्यापुरती स्कूटर बाहेर काढायची.

बसवताना व्हाइस टेबलाच्या पायावर यायला हवा, दोन पायांच्या मध्ये नाही. मागचा, न हलणारा जबडा टेबलाच्या कडेपेक्षा जरासा पुढे, कागदाच्या पुठ्ठ्याएवढा का होईना. तसं केलं तर लांब पट्टी उभी धरून खाली जमिनीपर्यंत सोडता येते, टेबलाची कड आड येत नाही. लाकडी स्क्रू वापरू नका. आरपार बोल्ट, बैठकीच्या भोकाला बसतील ते १० किंवा १२ मिलिमीटरचे, खाली मोठी चौकोनी पट्टी नि स्प्रिंग वॉशर. बोल्ट कसण्याआधी व्हाइस मोकळा ठेवून डुगडुगतो का बघा. फळी वाकडी असेल आणि तुम्ही तसाच बोल्ट आवळत गेलात तर बैठकीचा कान मोडतो. बीड वाकत नाही, सरळ तुटतं. जिथे फट असेल तिथे पत्र्याचा तुकडा घाला, मग चारही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे कसा. मे महिन्यात पुन्हा एकदा पाना लावा. नागपूरच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं नि बोल्ट ढिले पडतात.

उंचीचं माप फिटर लोक असं घेतात. व्हाइससमोर सरळ उभं राहायचं, मूठ हनुवटीखाली टेकवायची, कोपर जबड्याच्या वरच्या कडेला टेकलं पाहिजे. यापेक्षा खाली असेल तर पाठ वाकते, वर असेल तर खांदे भरून येतात आणि कानस गोल चालते. म्हणून टेबलाचे पाय व्हाइस घरी आल्यावरच कापा. तुमचं कोपर जमिनीपासून १०६ सेंटिमीटरवर असेल आणि व्हाइसची उंची १६ निघाली, तर टेबल ९० चं.

घरात लहान मुलं आहेत, तर दोन गोष्टी मुद्दाम सांगतो. काम संपलं की जबडे घट्ट बंद ठेवू नका, केसाएवढी फट राहू द्या, म्हणजे पेचावर उगाच ताण राहत नाही. आणि दांडा उभा, खालच्या बाजूला लोंबता ठेवा, आडवा ठेवला तर पळणाऱ्या पोराच्या कपाळाच्या उंचीवर येतो. दांडा सोडला की तो भोकातून घसरून खाली येतो आणि त्याच्या गोळ्याखाली बोटाची कातडी चिमटते, फार दुखतं. कूलरच्या मोटरची पाण्याची नळी असते ना, तिचे बोटभर दोन तुकडे कापून, लांबीत चिरून दांड्याच्या दोन्ही टोकांना चढवा.

सायकलचे भाग, पितळी नळ, पॉलिश केलेलं काही धरताना प्लेटींचे दात उमटतात. खिडकीवाल्याकडे ॲल्युमिनियम अँगलचे उरलेले तुकडे मागा, जबड्याच्या रुंदीचे दोन कापा आणि दोन्ही जबड्यांवर टोपीसारखे ठेवा. एवढं पुरतं.

कूलर मात्र व्हाइसपासून दूर ठेवा. २०१३ च्या मेमध्ये आपल्या शहरात ४७.९ अंश नोंदवले गेले, तेव्हा पोर्चमध्ये काम करायचं म्हणजे कूलर लागणारच, ते मला कळतं. पण कूलरचा ओला वारा थेट अंगावर घेणारा व्हाइस पावसाळ्यात गंजतो त्याहून लवकर गंजतो. वारा तुमच्या पाठीवर येऊ द्या, व्हाइसवर नको. दर रविवारी काम संपलं की लोखंडाचा कीस ब्रशने झाडा, फुंकर मारू नका, डोळ्यांत जातो. पेचावर चार थेंब तेल, नटाच्या घरात वर्षातून एकदा ग्रीस, प्लेटींवरून तेलाचं फडकं.

येत्या रविवारी आधी पाण्याचा पेला ठेवून बघा, मग कबाड्याकडे जा. पितळी रेघ दिसली की नाही, ढिलाई किती निघाली आणि जबड्याची रुंदी नेमकी किती भरली, हे मला लिहून कळवा. स्क्रूचे आटे इंचाला किती बसतात तेही मोजून लिहिलंत तर प्लेटी कशा करून घ्यायच्या ते पुढच्या पत्रात सविस्तर सांगेन.